ओठाला भोक नसलेला मासा

बेबाबाईला दुधात पाणी दिसे, धोब्याच्या गाठोड्यात दुसऱ्याचं लुगडं दिसे आणि शेजारणीच्या हसण्यात काहीतरी काळंबेरं दिसे. एकदा तिने स्वतःचंच लुगडं आपलं नव्हे म्हणून धोब्याच्या अंगावर फेकलं होतं. ते तिचंच निघालं, तरी बाईने माघार घेतली नाही ती नाहीच. माहेर अमळनेराकडचं. लग्न होऊन भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरात आली, ती येताना हा संशयी स्वभाव पाट्यावरवंट्याबरोबर घेऊनच आली म्हणा ना.

नवरा लोटन मालगाडीचा ड्रायव्हर होता. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून एकदोन वर्षं होती, आणि गोऱ्यांच्या त्या राज्यात आपल्यातला माणूस इंजिनावर ड्रायव्हर म्हणजे साधी गोष्ट नव्हती. क्वार्टरांच्या लायनीतल्या बाया नळावर बेबाबाईला आधी पाणी भरू द्यायच्या. लोटनला विडी नाही, दारू नाही. एकच नाद होता, तापीवर गळ टाकून बसायचा. गाडीवर जायचं नसेल त्या दिवशी तो सकाळीच बांबूची काठी, कणकेच्या गोळ्या आणि डब्यात गांडुळं घेऊन डोहावर जायचा आणि दुपार कलताना मासे घेऊन यायचा.

मग बेबाबाईचं काम सुरू. राखेत घोळून मासे खवलायचे, पोट साफ करायचं, मीठ-हळद लावून ठेवायचं. कांदा आणि सुकं खोबरं शेगडीच्या निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, लसूण आणि लाल मिरच्या घालून पाट्यावर वाटायचं. वर तेलाची तर्री आलेला तो रस्सा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. लोटन मासा खायला बसला की बघत राहावं. जिभेने काटा असा वेगळा करायचा की ताटाच्या कडेला काट्यांची नीट रांग लागे, आणि त्या रांगेचा बेबाबाईला फार अभिमान होता.

तर त्या फाल्गुनात एके दुपारी मासे खवलताना तिचा हात थांबला. तिने मासा उचलून उजेडात धरला, मग दुसरा, मग तिसरा. गळाला लागलेल्या माशाच्या ओठाला भोक पडतं, नाहीतर जबडा तरी फाटतो. इतकी वर्षं तिने तेच पाहिलं होतं. ह्या माशांचे ओठ धड होते. उलट अंगावर जाळ्याच्या दोरीचे बारीक वळ होते. म्हणजे हे मासे कुणा मासेमार भोयाच्या जाळ्यातले, विकत घेतलेले.

तिने रस्सा केला. लोटन जेवायला बसल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, आज कुठे लागले मासे. डोहावरच, तो म्हणाला, आणि ताटातून मान वर केली नाही. खोटं बोलतोय मेला, तिने मनाशी म्हटलं, आणि त्याला दुसरी भाकरी वाढली.

मग माणूस गळ घेऊन जातो कुठे? पुढच्या खेपेलाही तेच. ओठ धड, अंगावर वळ. बेबाबाईने ही गोष्ट शेजारच्या पुष्पाबाईला सांगितली, आणि सांगायला नको होती. पुष्पाबाईने तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली की ड्रायव्हर लोकांचं काही सांगता येत नाही. खंडव्याला एक घर असतं, मनमाडला एक असतं. ह्याने गावातच केलं असेल, तेवढीच चालायची तसदी वाचली. वर हेही सांगितलं की परवा बाजारात लोटनभाऊ तिच्या समोरून गेले आणि ओळख दाखवली नाही. मनात चोर असला म्हणजे माणूस नजर देत नाही.

झालं. बेबाबाईच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. लोटन घरी आला की ती सदऱ्याचा वास घ्यायची. कोळसा, तेल, घाम आणि मासे, ह्याखेरीज वास नव्हता, पण वास नव्हता म्हणूनही तिला शंका आली. खिसे उलटे केले. काही निघालं नाही. तो आजकाल बोलेनासा झाला होता. एकदा तर तिची हनुवटी धरून तिचा चेहरा अगदी जवळून, कितीतरी वेळ बघत राहिला. तिला वाटलं, पाप केल्यावर पुरुष असंच करतात, आता कबूल करणार. पण तो नुसता उठून बाहेर गेला. आणि ताटाच्या कडेची ती रांग मोडली होती. काटे भातात, काटे भाकरीवर, कुठेही. बोटांनी चाचपत, चिवडत जेवायचा. चित्त दुसरीकडे असलं की हेच व्हायचं, तिने ठरवून टाकलं. ती रांग मोडलेली बघून तिला रडू यायचं, आणि मग त्या रडण्याचाही राग यायचा.

चैत्रातल्या एका सकाळी लोटन काठी घेऊन निघाला, तशी तीही दाराला कडी घालून मागून निघाली. त्या बाईच्या झिंज्या कशा धरायच्या हे तिने वाटेतच ठरवलं होतं. लोटन गावात वळला नाही. सरळ नदीला गेला, पाय जपून टाकत, आपल्या नेहमीच्या खडकावर जाऊन बसला. बेबाबाई वाळूतल्या टरबुजाच्या वाडीच्या काटेरी कुंपणाआड बसली. आता येईल ती, असं म्हणत उन्हात डोळे ताणून बसली.

आला तो भोई. पाटी खाली ठेवून लोटनशी दोन शब्द बोलला. लोटनने पाटीत हात घातला, एकेक मासा बोटांनी चाचपून दोन-तीन वेगळे केले आणि आपल्या पिशवीत टाकले. भोई निघून गेला. बाई काही आली नाही.

बेबाबाईने मग पाण्याकडे पाहिलं. गळाच्या दोरीला मोरपिसाच्या काडीचा पांढरा तरंगा होता. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा तो हलतो, आणि गळ गिळतो तेव्हा बुडतो. तरंगा हलला. बुडाला. लोटन त्याच्याकडेच तोंड करून बसला होता आणि हलला नाही. तरंगा वर आला, नाचला, पुन्हा बुडाला. लोटन तसाच.

ती उठली आणि वाळू तुडवत त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. तरंगा तिसऱ्यांदा खाली गेला.

"बुडनं ते," ती म्हणाली. "वढा."

लोटनने दचकून काठी ओढली. तिथे ती कशी आली हेसुद्धा त्याने विचारलं नाही. दोरी रिकामीच आली, मासा आमिष खाऊन गेला होता. त्याने काठी खडकावर ठेवली. मग सगळं बाहेर आलं. पावसाळ्यापासून डोळ्यांपुढे धुकं होतं, आणि ते दाट होत चाललं होतं. पुष्पाबाई त्याला दिसलीच नव्हती. बायकोचा चेहरा कुठवर दिसतो ते त्याने हनुवटी धरून बघितलं होतं. आणि मासे घरी आले नाहीत तर बेबाबाई शोध घेतल्याशिवाय राहणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून भोयाकडून घ्यायचे. साहेबांच्या कानावर गेलं तर इंजिन जाईल, क्वार्टर जाईल. शेत नाही, गावी घर भावांनी वाटून घेतलेलं.

बेबाबाई वाळूत बसली. दुसरी बाई नाही म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तेवढ्यात तिला मालगाडी आठवली.

"मंग सिग्नल कोन दखस?"

"सुकदेव दखस," लोटन म्हणाला. "तो सांगस, मी गाडी चालाडस."

सुकदेव म्हणजे त्याच्या इंजिनावरचा फायरमन. कोळसा टाकता टाकता तो हिरवा की लाल ते ओरडून सांगायचा. बाकी रस्ता लोटनला पाठ होता. चढ कुठे, पूल कुठे, हे त्याला चाकांच्या आवाजावरून कळे. आजवर काही झालं नव्हतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

बेबाबाई ऐकत होती आणि तिला वाटत होतं, बाई असती तर बरं झालं असतं. बाईला शिव्या देता आल्या असत्या, घराबाहेर ओढता आलं असतं. ह्याचं करायचं काय? बोलावं तर घर उठतं. न बोलावं तर कुणाचा तरी जीव जातो, कदाचित ह्याचाच.

घरी येऊन तिने मासे केले. दोघांपैकी कुणी धड जेवलं नाही. तांबडं फुटावं तसं आभाळ लाल होऊन दिवस बुडत होता, तेव्हा रुपचंद दारात आला. ड्रायव्हर-फायरमनांना घरोघर जाऊन गाडीची वर्दी द्यायचं काम हा म्हातारा कैक वर्षं करत होता. खंडव्याकडे मालगाडी न्यायची आहे, त्याने सांगितलं. सुकदेव तापाने पडलाय, बरोबर नवा फायरमन आहे.

बेबाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो आता नाही म्हणेल, काहीतरी निमित्त काढेल, असं तिला खरंच वाटलं. पण लोटनने भिंतीवर हात फिरवत कोट घेतला, बूट चढवले आणि रेल्वेचा कंदील उचलला.

ती दारात आडवी झाली. "साहेबले सांगा आबा," ती रुपचंदला म्हणाली, "यास्ले दखात नही."

रुपचंदने लायनीत दोन्हीकडे बघून घेतलं, कुणी ऐकलं नव्हतं.

"अक्का, माझे कान म्हातारे झालेत," तो हळूच म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही. विचार करून बोला."

म्हातारा भला होता. तिला शब्द मागे घ्यायला वाट मोकळी ठेवून उभा होता. बेबाबाईने चुलीकडे पाहिलं, पाण्याच्या माठाकडे पाहिलं, आता सासरी गेलेल्या पोरी जिथे रांगल्या त्या फरशीकडे पाहिलं. मग ह्यांना दिसत नाही, हे तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं, एवढ्या मोठ्याने की पुष्पाबाईचं दार उघडलं आणि पलीकडची दोन दारंही उघडली.

लोटनने हातातला कंदील रुपचंदला द्यायला पुढे केला. पण रुपचंद उभा होता उजवीकडे, आणि कंदील धरला होता डावीकडे, दाराच्या चौकटीपाशी, जिथे कुणीच नव्हतं. सगळ्या लायनीने ते पाहिलं. रुपचंद एक पाऊल सरकला आणि त्याने कंदील घेतला.