खालची एक

कप्तानांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं तेव्हा. सातवीच्या वर्गाची सहल घेऊन मी त्यांच्या बोटीवर गेले होते. बेटावरून परत निघताना मी माझी यादी घेऊन बाजूला उभी होते. कप्तान शिडीच्या तोंडाशी उभे राहून वर चढणाऱ्या प्रत्येकाला एका बोटाने शिवत होते आणि मोठ्याने मोजत होते. मलाही शिवले.

"बाई, तुम्हीसुद्धा. तुम्ही राहिलात तर मुलं खुशीत घरी जातील, पण मला परत यावं लागेल."

मुलं खिदळली. कप्तानांनी मोजणी संपवली. "सव्वीस, सत्तावीस, मी अठ्ठावीस आणि खालची एक. एकोणतीस." धक्क्यावर तिकीट खिडकीतून मिळालेल्या आकड्यात घरची दोन माणसं मिळवून त्यांनी तो सकाळीच पाटीवर खडूने लिहिलेला होता. पाटीवरही एकोणतीस. मग नांगर उचलला.

खालची एक म्हणजे त्यांची बायको. बोट कॅटमरान होती: दोन लांबट, निमुळत्या होड्या शेजारी शेजारी, वर दोघींना जोडणारा सपाट डेक आणि मधोमध डोलकाठी. डाव्या होडीच्या पोटात चार पायऱ्या उतरून एक चिंचोळं स्वयंपाकघर होतं. काकू तिथे फळं चिरत, सरबत ढवळत. बेटावरून निघताना त्या सगळ्यांच्या आधी चढायच्या आणि पेले विसळायला खाली जायच्या. मोजणी कानावर आली की खालून म्हणायच्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून आकडाच आहे मी." मुलांना हे फार आवडे. शाळेत त्यांचं नावच पडलं होतं, खालच्या काकू.

सहल अर्ध्या दिवसाची. नऊला निघायचं, तासाभरात बेट, तिथे दीड तास, साडेबाराला परत धक्क्यावर. बेट म्हणजे किनाऱ्यासमोर आडवी पडलेली वाळूची लांब पट्टी. मोठ्या लाटा पलीकडच्या अंगावर फुटत, त्यामुळे अलीकडचं पाणी ताटात ओतल्यासारखं निवांत. घर नाही, दुकान नाही, नळ नाही. खुरटी झुडपं आणि पक्षी. कप्तानांचा नियम होता, चढताना सगळ्यांनी चपला डेकवरच्या खोक्यात काढायच्या आणि बेटावर अनवाणी उतरायचं. वाळूत अंडी असतात, अनवाणी माणूस बघून पाऊल टाकतो, असं ते सांगत.

मी दरवर्षी वर्ग घेऊन जात राहिले. कप्तान बोलके नव्हते. दोरीच्या गाठी मात्र मुलांना मन लावून शिकवायचे, आणि एखाद्याला नाही जमली तर स्वतःच ओशाळायचे. बोलायचं काम काकूंकडे होतं. "ह्यांना विचारू नका," त्या म्हणायच्या, "हे हो म्हणायलासुद्धा वाऱ्याची दिशा बघतात."

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी काकू गेल्या. पोटाचं दुखणं निघालं आणि दीड महिन्यात आटोपलं. मी भेटायला गेले. गोदीमागच्या दोन खोल्यांत कप्तान खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाहुणे असल्यासारखे. फळीवर सरबताचे पेले कपड्यावर पालथे घातलेले होते. निघताना त्यांनीच दारापर्यंत येऊन म्हटलं, "बाई, एकदा या बोटीवर. वर्ग नसला तरी चालेल."

चार महिन्यांनी गेले. अठरा प्रवासी होतो. काकूंचा भाऊ त्यांना सांगून थकला होता की मदतीला माणूस ठेवा. त्यांनी ठेवला नव्हता. सरबताऐवजी पाण्याच्या बाटल्या वाटल्या. पाटीवर त्यांनी एकोणीस लिहिलं, अठरा आम्ही आणि एक स्वतः. लिहिताना खडू जरा थांबला, एवढंच.

बेटावर मी पलीकडच्या लाटा बघायला गेले. इतक्या वर्षांत मुलांना सोडून तिकडे जाताच आलं नव्हतं. बसले, आणि वेळेचं भान राहिलं नाही. मऊ वाळूत गुडघा साथ देईना. उंचवट्यावर पोचले तेव्हा शीड वर गेलेलं होतं आणि बोट वळत होती. मी हाका मारल्या. छत्तीस वर्षं वर्ग गप्प करणारा आवाज, पण वारा उलटा होता.

घाबरले नाही असं म्हणणार नाही. एका झुडपाच्या वीतभर सावलीत डोकं तेवढं ठेवलं आणि अर्धी बाटली पाणी घोट घोट पुरवलं. दीड वाजून गेल्यावर शीड परत दिसलं. कप्तान एकटेच होते. कमरेभर पाण्यातून चालत आले, हातात माझ्या चपला.

"खोक्यात ह्या राहिल्या होत्या," ते म्हणाले. माझ्या पायांजवळ वाळूत त्यांनी चपला नीट जोडून ठेवल्या.

मी म्हटलं, "कप्तान, चूक माझी. मी उशीर केला."

"उशीर तुमचा. मोजणी माझी."

परतीच्या वाटेवर सुकाणूवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. चार महिने रोज मोजणी एकाने जास्त येत होती. 'आणि खालची एक' हे तोंडून निघून जायचं. पाटीवर वीस असले तर मोजणी एकवीस. मग उभं राहून आठवायचं, खाली कोणी नाही. एक वजा करायचा, नांगर उचलायचा. रोज.

"आज सतरा माणसं चढली. मी अठरा आणि खालची एक, एकोणीस. पाटीवर एकोणीस." त्यांनी सुकाणू जरा वळवलं. "चार महिन्यांनी पहिल्यांदा बरोबर आली, बाई. मला इतकं बरं वाटलं की मी विचारच केला नाही. निघालो."

धक्क्यावर उतरल्यावर ते ओल्या पँटनेच बंदर कचेरीकडे चालू लागले. मला कळलं ते परवाना परत द्यायला चाललेत. मी मागून लंगडत गेले. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि लेक लग्न होऊन गेल्यावर घरी दुसरं कोणी नव्हतं. बोट गेली तर माणूस खुर्चीच्या कडेवरच बसून राहील अशी मला भीती वाटली.

बंदर अधिकारी माझाच विद्यार्थी निघाला. सगळं ऐकून म्हणाला, "बाई, शिट्टी झाल्यावर रांगेत नसलेल्याला तुम्ही अंगठे धरून उभं करायचात."

"गुडघा वाकत नाही रे, नाहीतर धरले असते. तक्रार नाही माझी. लिहून घे तसं."

"मग मी तंबी लिहितो," तो कप्तानांना म्हणाला, "आणि मदतीला एक माणूस ठेवा. खाली कोणीतरी असलं म्हणजे मोजणी आपोआप बरोबर येईल."

"येईल ना," कप्तान म्हणाले. "रोज बरोबर येईल. तो माणूस वर मोजला गेला आणि कोणी बेटावर राहिलं, तरी येईल. तेच नको." त्यांनी परवाना टेबलावर ठेवला. पाण्याने फुगला होता; त्यांनी तळहाताने तो सपाट केला. "आज बाई होत्या. उद्या एखादं पोर असेल."

बाहेर पायरीवर मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, सवय मोडता येते. चुकीचा पाढा पाठ झालेली कितीतरी मुलं मी सरळ केली आहेत.

कप्तान पाण्याकडे बघत होते. "चुकीचा असता तर सोडला असता, बाई," ते म्हणाले. "चार महिने रोज ती एक वजा केली मी. आता करवत नाही."

मी त्यांच्याबरोबर पायऱ्या उतरले.

बोट आता काकूंचा भाऊ चालवतो. त्याच्याकडे डेकवर दोन माणसं असतात आणि मोजणी यंत्रावर बटण दाबून होते. कप्तान धक्क्याकडे फिरकत नाहीत. गोदीमागच्या खोल्या सोडून ते लेकीकडे राहायला गेले. पहिले काही महिने लेक सांगायची, "बाबा जेवतात, झोपतात, पण घरात आहेत असं वाटत नाही." मग गाठींचं ज्ञान कामी येईल म्हणून जावयाने त्यांना शिडं शिवण्याच्या कारखान्यात नेलं.

तिथे ते अजून आहेत. सकाळी आठ ते चार, खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनवर, शिडांच्या कडांना दोरी शिवतात.