गुडघ्यानं गाणारे आमचे साडू

तमाम मराठी बंधुभगिनींना अत्यंत जबाबदारीनं कळवण्यात येतं की, कुवेतमधला एकमेव मराठी पेडल स्टील गिटारवादक हा माझा सख्खा साडू आहे. कुवेतच कशाला, सगळ्या आखातात दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. मी चौकशी केलेली नाही. असल्या बाबतीत चौकशी करणारा माणूस स्वतःच्याच आनंदाच्या मुळावर उठतो. ही बातमी ऐकून काहींचा ऊर अभिमानानं भरून येईल आणि काही जण विचारतील, पेडल स्टील गिटार म्हणजे काय. आजवरच्या अनुभवानं सांगतो, सगळे विचारतातच. ऊर अजून कुणाचा भरून आलेला नाही.

तर गिटार म्हटल्यावर पोट, कंबर, गळा असलेलं जे वाद्य डोळ्यांपुढे येतं, ते विसरून जा. या गिटारीला पोटही नाही आणि कंबरही नाही. चार पायांवर उभी असलेली एक अरुंद फळी, तिच्यावर आडव्या ताणलेल्या दहा तारा, खाली पायानं दाबायच्या पट्ट्या आणि दोन्ही गुडघ्यांना डावी-उजवीकडून टेकणाऱ्या लोखंडी दांड्या. वाजवणारा समोर कारकुनासारखा बसतो. उजव्या हाताच्या बोटांत पत्र्याच्या नख्या घालून तारा छेडतो, डाव्या हातातला पोलादी दांडू तारांवरून घसरवत नेतो, आणि खालून पाय आणि गुडघे यांनी एखादीच तार हळूच ओढतो. म्हणजे तीन सूर एकत्र वाजत असतील तर त्यातले दोन जागेवर बसून राहतात आणि तिसरा उठून फिरायला जातो. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गाण्यांमागे एक लांबलचक, डोळे पुसत चालल्यासारखा आवाज येतो ना, तो हिचा.

साडू मूळचे इचलकरंजीचे. कुवेतमधल्या अर्दियाच्या गोदामांच्या भागात एअर कंडिशनर दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे, तिथे हे इंजिनियर. तिथला एक अमेरिकन साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा सामान आवरताना 'हे कुणाला हवंय का' असं म्हणत त्यानं हे वाद्य पुढे केलं. बाकीच्यांना ते इस्त्रीचं टेबल वाटलं. साडू मात्र समोर बसले, पट्ट्यांवर पाय ठेवले आणि उठेचनात. "दादा, पाय ठेवले आणि आजोबांचा हातमाग आठवला बघा," त्यांनी मला सांगितलं होतं. "तशीच पट्टी, तसाच खट् आवाज. फक्त कापड निघंना, रडू निघायला लागलं."

हे रडू त्यांनी घरी आणून पहिल्याच शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, मोठ्या आवाजात लावलं. माझी धाकटी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा स्वयंपाकघरात मिक्सरवर वाटण करत होती, त्यामुळे तिला काही ऐकू गेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन कुटुंबाला मात्र सगळं ऐकू गेलं. थोड्याच वेळात त्या घरातले आजोबा खजुरांची थाळी घेऊन, मान खाली घालून दारात उभे राहिले आणि साडूंचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "कोण गेलं?" मेहुणीनं थाळी ठेवून घेतली, त्यांना चहा पाजून वर पाठवलं, आणि त्याच दिवशी बाजारातून हेडफोन आणले. तेव्हापासून साडूंच्या कलेचा नाद फक्त साडूंच्या कानांत राहिला आहे.

हेडफोन लावून पेडल स्टील वाजवणारा माणूस बाहेरून कसा दिसतो, याची तुम्हाला कल्पना नाही. आवाज शून्य. फक्त पट्ट्यांचं खट्, खट्. डोळे मिटलेले. एक गुडघा एकदम बाहेर पडतो, जणू शेजारी बसलेल्याला ढोसतोय. मग दुसरा गुडघा त्याची माफी मागितल्यासारखा आत येतो. खांदे वर जातात, भुवया त्यांच्या मागोमाग जातात, आणि शेवटी चेहऱ्यावर असा भाव येतो की, बघणाऱ्यानं पाणी आणायला धावावं. त्यांच्या लेकीच्या मैत्रिणी घरी आल्या की ती दार लोटून घेते आणि म्हणते, "इग्नोर. डॅड इज आयर्निंग अगेन."

मी मात्र दुसरा हेडफोन लावणारा माणूस. जगात साडूंचं वादन आपणहून ऐकणारा एकटा श्रोता मीच, म्हणून त्यांचा सर्वोच्च समीक्षकही मीच. तेव्हा माझं मत ऐका. बाकीचे वादक सूर लावतात. आमचे साडू सुराकडे जायला निघतात. तार छेडतात तेव्हा आवाज कमी-जास्त करायची पट्टी पायानं बंद ठेवलेली असते, त्यामुळे सुराला सुरुवातच नसते. तो आधीपासूनच कुठेतरी चाललेला होता आणि आपल्याला आत्ता ऐकू आला, असं वाटतं. मग तो खालून हळूहळू चढतो. मूळ सुराच्या दारापर्यंत येतो, चपला काढतो, आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहतो. आत जात नाही. आपण इकडे श्वास रोखून बसलेलो. आता जाईल, मग जाईल. आणि आपण आशा सोडली की साडूंचा डावा गुडघा केसभर हलतो आणि तो आत जातो. त्या क्षणी जे वाटतं, त्याला शब्द नाहीत. मी तरी सोफ्याच्या हातावर थाप मारून "वाः!" असं ओरडतो आणि स्वयंपाकघरातून मेहुणी ओरडते, "भाऊजी, हळू!" ते गुराख्याचं गाणं वाजवतात तेव्हा त्या गुराख्याची शेवटची एस.टी. चुकल्यासारखी वाटते, आणि अभंग वाजवतात तेव्हा भक्ताचा घोडा हरवल्यासारखा.

हे सगळं वाद्यापुरतं असतं तर ठीक होतं. पण साडू बोलतातही असेच. वाक्य सुरू करतात, चढवतात, आणि शेवटच्या शब्दाच्या अलीकडे थांबतात. "दादा, आज आम्ही संध्याकाळी जरा..." इथे सगळं घर थांबतं. मेहुणी पोळी उलटता उलटता म्हणते, "समुद्रावर जाणार आहोत." "हां," साडू म्हणतात. लग्न झाल्यापासून त्यांच्या वाक्यांचे शेवट तिच्याकडे आहेत. माझ्या बायकोच्या हातची आमटी खाऊन ते म्हणतात, "वहिनी, आमटी आज फार..." आणि माझी बायको डाव हातात घेऊन मेहुणीकडे बघत राहते, कारण निकाल तिच्याकडून यायचा असतो. "छान झालीय म्हणतायत," मेहुणी सांगते. कधीकधी मला वाटतं, त्यांना खारट म्हणायचं असावं.

आमच्या मराठी मंडळात या कलेची कदर कशी झाली ते सांगायलाच हवं. दिवाळीच्या कार्यक्रमाला साडू वाद्य घेऊन गेले, रंगमंचाच्या बाजूला मांडून, पुसून तयार ठेवलं आणि हात धुवायला गेले. परत येईपर्यंत स्वयंसेवकांनी त्यावर स्वच्छ चादर घालून चकल्या-चिवड्याची ताटं मांडली होती आणि समोर रांग लागली होती. साडूही रांगेत उभे राहिले आणि एक चकली घेऊन आले.

पुढच्या खेपेला मंडळाच्या सांस्कृतिक सचिवांनी त्यांना रीतसर तालमीला बोलावलं. हे सचिव बँकेत आहेत आणि कलेकडेही बँकेच्याच नजरेनं बघतात. आमच्या मंडळात प्रत्येक गाणं लॅपटॉपवरच्या कराओके ट्रॅकवर होतं. ट्रॅक नसेल तर आयटम नाही, असा नियम आहे. त्यामुळे गाणारा कुणीही असो, गाणं वेळेवर संपतं आणि जेवण गरम मिळतं. ट्रॅक सुरू झाला. साडू सुराकडे निघाले. ते उंबऱ्याशी पोचले तेव्हा ट्रॅक दुसऱ्या कडव्यात होता.

"साहेब, तुम्ही ट्रॅकच्या मागे पडताय," सचिव म्हणाले.

"मी मागं नाही हो. तो पुढं पळतोय."

"त्याला थांबवता येत नाही."

"मग पळू दे की. पोचायचंच आहे, घाई काय हाय?"

सचिवांनी त्यांचं नाव हस्तकला प्रदर्शनाकडे वर्ग केलं.

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं, आणि मीही सुखानं दुसऱ्या हेडफोनातून ऐकत राहिलो असतो. पण यंदा लेकीची बारावी झाली. तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि इथल्या बहुतेक घरांत जे ठरतं तेच यांच्याही घरात ठरलं: मेहुणी लेकीबरोबर पुण्याला जाऊन राहणार, साडू इथेच नोकरी करणार. मोठा फ्लॅट सोडायचा, एक खोली घ्यायची. मी त्यांना धीर द्यायचा म्हणून म्हणालो, "चला, आता हेडफोन नको. हवं तेवढं मोठ्यानं वाजवा."

साडू दांडू पुसत होते. "दादा, मोठ्यानं वाजवायचंच आहे. पण ती इथं असताना एकदा तरी तिला..." आणि वाक्य तिथेच थांबलं. मेहुणी घरात नव्हती, म्हणून ते पुरं करायला कुणी नव्हतं. मीही केलं नाही. पण तेव्हा लक्षात आलं की, या बाईनं नवऱ्याचे गुडघे इतकी वर्षं पाहिलेत. सूर एकदाही ऐकलेला नाही.

मायलेकी जायच्या आधीच्या शुक्रवारी मंडळाची सहल खैरानला होती. समुद्रकाठी भाड्यानं घेतलेलं घर, इथे त्याला शॅले म्हणतात. मी माझ्या गाडीच्या मागच्या सीट पाडून वाद्य घातलं आणि वर चादर पसरून सतरंज्या असल्याचं भासवलं. जेवणं झाली, भेंड्या झाल्या. मग द्वंद्वगीत गाणाऱ्या जोडप्यातल्या बाईंचा घसा बर्फाच्या सरबतानं बसला आणि सचिवांच्या कार्यक्रमात भगदाड पडलं. मी पुढे झालो. "ट्रॅक तुमचाच, द्वंद्वगीताचाच. हे त्यावर वाजवतील," मी म्हणालो. सचिवांनी ट्रॅककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ट्रॅक वाया जाऊ नये म्हणून होकार दिला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो: द्वंद्वगीत कुठलं होणार हे मला आधीच माहीत होतं. रेडिओच्या जमान्यातलं जुनं भावगीत. मेहुणी पोळ्या लाटताना ते गुणगुणते, तेही बेसूर. आणि साडूंना तीच चाल येत होती, तिच्या बेसूर जागांसकट.

व्हरांड्यात वाद्य उभं राहिलं. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी "अय्या, इस्त्री!" म्हणालं. मेहुणी एका कोपऱ्यात बसून जेवणाच्या डब्यांना झाकणं जुळवत होती. ट्रॅक सुरू झाला. साडूंनी डोळे मिटले, आणि स्पीकरमधून तो आवाज आला, ज्याला सुरुवात नसते. झाकणांचा खणखणाट थांबला. मेहुणीनं मान वर केली. ट्रॅक आपल्या चालीनं पुढे निघाला, साडू आपल्या चालीनं मागून आले. ती जिथे नेहमी चुकते तिथे तेही मुद्दाम चुकले, आणि गुडघ्यानं ती चूक अशी काही उचलून धरली की, मूळ गाणंच चुकीचं वाटावं. मेहुणीच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग ती लाजली. लेक मैत्रिणींना सोडून आईशेजारी येऊन बसली.

आणि ट्रॅक संपला. वेळेवर, नियमाप्रमाणे. सचिवांनी टाळ्यांसाठी हात वर केले आणि हात तसेच राहिले, कारण साडू अजून पोचले नव्हते. शेवटचा सूर उंबऱ्याबाहेर उभा होता. आता सोबतीला तबला नाही, बासरी नाही. मागे फक्त समुद्र आणि पुढे एकटा तो, अगदी केसभर खाली. कुणाला टाळी वाजवता येईना, कुणाला खोकता येईना. साडूंचा डावा गुडघा दांडीला टेकला होता, पण हलत नव्हता. मग घरात नेहमी होतं तेच झालं. आम्ही सगळे हळूहळू मेहुणीकडे बघायला लागलो, कारण यांचं अर्धवट राहिलेलं पुरं करायचं काम तिचं. तिचे ओठ हलले. पण या खेपेला तो शेवट तिच्याजवळ नव्हता. हातातलं झाकण छातीशी धरून ती उभी राहिली आणि सगळ्या मंडळादेखत ओरडली, "अहो, पोचवा की हो त्याला घरी!"