हत्ती मोडला म्हणून

नगरा या हिंदीभाषक वस्तीत माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी बालवाडी चालवते. एका खोलीत पाटी-पेन्सिल नाही. तिथे चाळलेल्या मातीची परात, पाण्याचं घमेलं, चिंचोके आणि गव्हाचा कोंडा असतो. तीन-साडेतीन वर्षांची मुलं हात घालतात, मळतात, ओततात.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. ओल्या वस्तूला हात लागला की रडायची. वरणभातही आईच्या हातून, चमच्यानंच. दोन महिने ती परातीपासून लांब बसली. मी तिला ओढलं नाही. मग एक दिवस तिनं एक बोट बुडवलं. पुढे तर माती मळताना तिला कुणाची मदत चालेना.

इथल्या रिवाजानं आमची मराठी घरंही पितृपक्षातल्या अष्टमीला महालक्ष्मीसाठी मातीचा हत्ती पुजतात. तिच्या घरी तो आदल्या दिवशीच आणून पाटावर ठेवला होता, कच्चा. मुलीनं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि त्याचा गोळा केला.

अष्टमीला सकाळीच आईवडील तिला घेऊन दारात.

"मॅडमजी, लक्ष्मीच्या हत्तीचा चिखल केला हिनं! हेच शिकवता?" वडील म्हणाले.

"पूजा झाली होती?"

"नव्हती. त्यानं काय फरक पडतो?"

"संध्याकाळपर्यंत बाजारात दुसरा मिळेल. चिखलाचं काय केलं तिनं?"

आई म्हणाली, "सात छोटे हत्ती. एकाची सोंड पडली, ती पाणी लावून परत चिकटवली."

"तू थांब गं," वडिलांनी तिला अडवलं. "मॅडमजी, हिला अजून 'क' काढता येत नाही. आमच्या थोरल्या भैयाचा मुलगा हिच्याच वयाचा, पानंच्या पानं लिहितो. ती मातीची खोली बंद करा, नाहीतर हिचं नाव काढा."

पानंच्या पानं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही.

"बोटांत जोर आधी येतो, अक्षर मागून," मी म्हटलं. "खोली बंद होणार नाही."

"मग काढा नाव."

त्यांच्यासमोरच हजेरीपटावर रेघ मारली. मुलगी स्कूटरवर पुढे उभी राहून गेली, मागे वळून बघत. दुसऱ्या मुलाला सोडायला आलेली एक बाई म्हणाली, "दीदी, माफी माँग लेतीं तो रुक जाते." माफी कशाची? कच्ची माती मुलांच्या हाताशी ठेवली, तर ती मळली जाणारच. वाईट वाटलं, पण त्यासाठी बाकीच्या मुलांची माती मी काढून घेणार नव्हते.

मुलगी बाकांच्या शाळेत गेली. आठवड्यानं तिची आई एकटीच आली. भाजीची पिशवी हातात.

"ताई, माती कुठून आणता? हे ऑफिसात असतात तेव्हा दुपारचे दोन तास मिळतात."

"कुंभाराकडून. तीनदा चाळा, काच निघते. परात जमिनीवर ठेवा. आणि मधे बोलायचं नाही."

"काही बिघडवलं तरी?"

"तेव्हा तर मुळीच नाही."

तिनं मान हलवली आणि कुंभाराचं घर विचारून घेतलं.