सहाव्या वर्षी आलेलं फूल

संजीवनीबाई नांदुऱ्याच्या शाळेतून निवृत्त झाल्या, त्याच वर्षी त्यांची आई गेली. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे घरात बोलायला कोणी उरलं नाही. तेव्हा त्यांनी पोस्टानं डोंगरी निवडुंगाचं बी मागवलं. थंड, उंच डोंगरातली ही रोपं. नांदुऱ्याचा उन्हाळा त्यांना सोसत नाही. बाईंनी वाळूत विटेचे तुकडे मिसळून कुंड्या भरल्या, ओट्यावर हिरवी जाळी बांधली. पहिल्या वर्षी मायेनं रोज पाणी घातलं, तर सातांपैकी सहा रोपं बुडाशी सडली. उरलेल्या एकाला मग त्या हिवाळाभर थेंबही देत नसत. काही न करता नुसतं बघत राहणं त्यांना फार जड जाई.

सहाव्या वर्षी, फाल्गुनात, त्याला जांभळं फूल आलं. बाईंनी दोनदा फोन हातात घेतला, पण कोणाला लावावा ते सुचेना. त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. भाजीवाल्या अंबूबाई येताना दिसल्या.

"काय झालं वो बाई?"

"फूल आलं, सहा वर्षांनी. पाहता काय जरा?"

अंबूबाईंनी टोपली उतरवली, वाकून पाहिलं. "माय वो! मले तं कागदाचंच वाटलं. सहा वर्सं लागले? मंग मले काऊन नाही सांगतलं? रोजच तं इथून जाणं होते माह्यं."

 बाईंनी चहा ठेवला. अंबूबाई अर्धा तास बसल्या, गुडघ्याचं, सुनेचं बोलल्या आणि पुढच्या गल्लीत गेल्या.

ऊन उतरलं तसं फूल मिटलं. बाईंनी दोन्ही कप विसळून पालथे घातले.