चिमट्यातून उडालेला हिरा

माझ्या लेकीच्या, सईच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिरा बघायला आम्ही तिघी गेलो होतो. सई, मी आणि तिची होणारी सासू. सराफांनी चिमट्यात धरलेला खडा दिव्याखाली फिरवला. "आतून अगदी निर्मळ आहे, भिंगातून बघा," ते म्हणाले. सई पुढे वाकली, आणि तेवढ्यात खडा चिमट्यातून उडाला.

कुणीच हललं नाही. सराफांनी खूण केली आणि दुकानाचं दार आतून बंद झालं. गादी झटकून झाली, फरशी चाचपून झाली. कुणी न सांगताच मी माझ्या निऱ्या झटकल्या. ज्वारीच्या दाण्याएवढी ती वस्तू, पण दिसेनाशी होताच आम्ही सगळे एकमेकांच्या हातांकडे बघायला लागलो. काही केलेलं नसताना मी माझे तळवे उघडे करून मांडीवर ठेवले. आपण चोर नाही हे आपल्याला ठाऊक असून भागत नाही. ते समोरच्याच्या डोळ्यांत दिसेपर्यंत जीव टांगणीलाच लागलेला असतो.

मग विहीणबाईंनी रुमालासाठी मांडीवरची पर्स उचलली, तर तिच्या उघड्या कप्प्यात खडा लकाकला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, मी नाही... देवाशपथ, मला कळलंसुद्धा नाही," त्या पुटपुटल्या.

सईने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "आई, आपण हाच घेऊ या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

तोवर ती त्यांना काकूच म्हणत होती.