बाभळीवरची टोपी

सुंदराबाई तायडेंची टोपी गुलाबी आहे. साधी गुलाबी नाही, लग्नाच्या मांडवातल्या सरबतासारखी गुलाबी. अंगणवाडीत सेविका असताना मिळालेल्या एका जुन्या साडीची ती त्यांनी स्वतःच्या मशीनवर शिवली. ताठ राहावी म्हणून आत दप्तराचं जाड कापड घातलं, आणि कड एवढी रुंद ठेवली की डोक्याबरोबर खांद्यांनाही सावली मिळावी. टोपीच्या पट्टीत चार गळ खोचलेले असतात आणि एक सुई-दोरा. ही टोपी घालून, मागे गळाची काठी बांधून त्या अकोल्याच्या रस्त्यांवरून स्कूटी चालवतात. सिग्नलला कुणी हसलं तर मान वळवून त्याच्याकडे इतका वेळ बघतात, की सिग्नल सुटला तरी त्याला गाडी पुढे न्यायचं सुचत नाही.

एका टोपीसाठी एवढा ताठा कशाला, असं ज्याला वाटत असेल त्याने घोट्याच्या तलावावर काय झालं ते ऐकावं.

घोट्याचा तलाव शहरापासून अर्ध्या तासावर. रविवारी सकाळी तिथे गळ टाकायला पाच-सात माणसं जमतात. त्यांच्यापैकी कुणाचंही पोट माशांवर चालत नाही. गोवर्धनभाऊंचं जठारपेठेत रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. वामनराव हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. सुंदराबाईंचे यजमान धर्मपाल हे एसटीचे ड्रायव्हर होते. प्रत्येकाची टोपी ठरलेली. वामनरावांची पांढरी, क्रिकेटच्या अंपायरसारखी. गोवर्धनभाऊ एवढे कपड्यांचे दुकानदार, पण दहा वर्षांत टोपी बदलली नाही, कारण ती पहिल्यांदा घातली त्या दिवशी त्यांच्या गळाला मोठी मरळ लागली होती. धर्मपालांची खाकी, ड्युटीच्या पँटच्या उरलेल्या कापडाची. तिच्यावर घामाचे पांढरे नकाशे होते आणि वास असा, की सुंदराबाई ती घरात येऊ देत नसत, बाहेर मीटरजवळच्या खिळ्याला टांगायला लावत. धुवायची मात्र सोय नव्हती. एकदा त्यांनी ती बादलीत भिजवली, तर धर्मपाल ओली टोपी डोक्यावर घालून घराबाहेर पडले ते संध्याकाळपर्यंत जेवायला आले नाहीत.

तलावावर जागा मात्र एकच चांगली. बाभळीखालचा चपटा दगड. त्याच्यासमोर नाल्याचं जुनं पात्र बुडालेलं आहे, पाणी खोल आहे आणि मासा तिथून फारसा हलत नाही. त्या दगडावरून पूर्वी भांडणं व्हायची. शेवटी धर्मपालांनीच नियम घालून दिला. त्यांची सगळी नोकरी लोकांना खिडकीतून रुमाल टाकून सीट धरताना बघण्यात गेलेली.

"रुमाल ज्याचा, सीट त्याची," ते म्हणाले होते. "इथं टोपी ज्याची आधी पडली, दगड त्याचा. मंग कोनी चकार शब्द बोलाचा नाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पहाटेची पहिली गाडी काढायची सवय असलेले धर्मपाल मग एकोणीस वर्षं सगळ्यांच्या आधी पोचत राहिले. नियम सगळ्यांना सारखा होता, फायदा तेवढा एकट्याचा होता.

आणि या एकोणीस वर्षांत सुंदराबाई कुठे होत्या? तिथेच होत्या. मोटारसायकलवर मागच्या सीटवर, आणि तलावावर दगडाच्या मागे चार पावलांवर, पोत्यावर बसलेल्या. तिथे बसून त्या गळाला लावायचा चारा मळायच्या. शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, थोडी कणीक, गूळ, भाजलेल्या मेथीची पूड, आणि पाणी हाताच्या अंदाजाने. धर्मपालांनाच एवढे मासे काहून लागतात, अशी चर्चा निघाली की त्यांच्या मनगटाचं कौतुक व्हायचं, खाकी टोपीचंही व्हायचं. चाऱ्याचं नाव कुणी काढत नसे. धर्मपाल झाडाआड गेले की पाच मिनिटं काठी बाईंच्या हातात यायची. अशा पाच-पाच मिनिटांत त्यांनी अकरा मासे काढले होते. ते सगळे धर्मपालांचेच म्हणून सांगितले गेले.

मागच्या हिवाळ्यात धर्मपालांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाच महिने उतारावर पाय टाकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. धर्मपालांना दुखण्यापेक्षा दगडाची काळजी जास्त.

"सुंदरा, गोवर्धन बसीन वं तिथं," शनिवारी ते म्हणाले. "तू जाय. माही टोपी दगडावर ठेवून ये."

"ठेवून येऊ? अन् मंग?"

"मंग काय, ये वापस. टोपी पडली म्हनजे जागा धरली."

रविवारी पहाटेच सुंदराबाई स्कूटीने गेल्या. खाकी टोपी दगडावर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर खडा ठेवला. थोड्या वेळाने गोवर्धनभाऊ आले.

"वहिनी, भाऊ कुटी हायेत?"

"घरी."

"मंग टोपी काहून इथं? सीटवर रुमाल टाकून मानूस घरी झोपते काय?"

बोलणं बिनतोड होतं. बाईंनी क्षणभर विचार केला, टोपी उचलून आपल्या डोक्यावर घातली आणि दगडावर बसल्या.

दगड गार होता. समोर पाणी होतं आणि मधे कुणाचीही पाठ नव्हती. एकोणीस वर्षं त्यांनी हा तलाव धर्मपालांच्या पाठीच्या डावी-उजवीकडून तुकड्यातुकड्याने पाहिला होता. आज तो अख्खा दिसला. घरात खिडकीजवळची खुर्ची यजमानांची. मीटिंगला साहेब खुर्चीवर, सेविका सतरंजीवर. एकतीस वर्षं त्यांनी गल्लीतल्या लेकरांना हाताला धरून 'ही तुझी जागा' असं म्हणत बसवलं. त्यांना तसं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना तो दगड हवासा वाटला. यजमानांसाठी धरून ठेवायला नव्हे, स्वतःसाठी. हे त्यांना तिथे बसल्या बसल्या लख्ख कळलं, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

पुढच्या रविवारी गोवर्धनभाऊंनी दुसरी हरकत काढली. "टोपी भाऊची अन् बसनारं मानूस दुसरं. हे काई नेमात बसत नाई, वहिनी."

"ठीक हाय," बाई म्हणाल्या. आणि त्या आठवड्यात गुलाबी टोपी शिवून झाली. अमरावतीला दिलेल्या करिश्मानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, व्हिडिओ कॉलवर ती पाहिली आणि म्हणाली, "आई, लोक हसतीन वं!" बाई म्हणाल्या, "हसू दे. हासले म्हनजे टोपी पाह्यली तं खरी."

तिसऱ्या रविवारी त्यांनी गुलाबी टोपी दगडावर ठेवली, खडा ठेवला आणि चाऱ्याची बादली आणायला वर स्कूटीकडे गेल्या. परत येऊन बघतात तो टोपी बाभळीच्या काट्यांना लटकलेली, आणि दगडावर गोवर्धनभाऊंची.

"थे टोपी नोय, वहिनी," गोवर्धनभाऊ म्हणाले. "थे त लेकराचं झबलं हाय."

सगळे हसले. वामनरावांनी आपलं ज्ञान पाजळलं, "आणि गुलाबी रंगाला मासा बुजतो, वहिनी. शास्त्र आहे ते."

"माशाले रंग समजते म्हंता, सर," बाई म्हणाल्या. "अन् तुमाले मानूस नाई समजत?"

त्यांनी टोपी ओढून काढली. काट्याने ती टरकन फाटली. बाई तिथेच पोत्यावर बसल्या, पिशवीतला सुई-दोरा काढला आणि सगळ्यांच्या देखत फाटलेलं शिवलं. सुई-दोरा तेव्हापासून टोपीतच राहिला, कारण लागणार हे त्यांना ठाऊक होतं. आणि लागलाच. टोपी आणखी दोन वेळा बाभळीवर गेली. बाईंनी ती दोन्ही वेळा उतरवली, शिवली, आणि पुढच्या रविवारी आणखी लवकर आल्या. मग त्यांनी बादली, डबा, काठी, सगळं एकाच खेपेत आणायला सुरुवात केली आणि दगडावर बसल्या की अकरा वाजेपर्यंत उठायचंच बंद केलं. पाणीसुद्धा बेताने प्यायच्या, उठावं लागू नये म्हणून. कंबर मोडून यायची. तरी उठल्या नाहीत.

सहाव्या रविवारी काठी वाकली. नुसती वाकली नाही, तिचं टोक पाण्याला टेकलं. गोवर्धनभाऊ जाळी घेऊन धावले.

"द्या वहिनी काठी इकडे! तुमच्यानं नाई होनार!"

"हात लावू नका."

"अवो, दोरी तुटीन!"

"तुटू द्या. माही दोरी हाय."

वीस मिनिटं बाई त्या माशाशी भांडत होत्या. घाम डोळ्यांत उतरत होता, रुंद कडेमुळे ऊन तेवढं लागत नव्हतं. शेवटी गाळात गुडघाभर उतरून त्यांनी कटला स्वतःच्या हाताने बाहेर ओढला. वामनरावांनी खिशातला काटा काढून वजन केलं. साडेसात किलो. धर्मपालांचा सगळ्यात मोठा मासा सहा किलोचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर गुलाबी टोपीला कुणीही हात लावला नाही.

घरी धर्मपालांनी परातीतला मासा बराच वेळ पाहिला.

"चारा चांगला जमला असीन," ते म्हणाले.

हे वाक्य सुंदराबाईंनी लक्षात ठेवलं.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. धर्मपाल पोरासारखे खूश. रात्रीच टोपी खिळ्यावरून काढून उशाशी घेतली, आणि बाईंनी त्या एका रात्रीपुरता तो वास सहन केला. सकाळी स्कूटीवर बाई पुढे, धर्मपाल मागे. तलावावर पोचल्यावर बाई झपझप खाली उतरल्या, गुलाबी टोपी दगडावर ठेवली, खडा ठेवला आणि यजमानांना आधार द्यायला परत वर आल्या. बाकीची मंडळीही येऊन पोचली होती. "या भाऊ, या!" असं सगळे म्हणाले. धर्मपाल काठी टेकत टेकत नेमके दगडापाशी आले. बसच्या सीटवरची कुणाची तरी पिशवी सरकवावी तशी त्यांनी ती गुलाबी टोपी दोन बोटांनी उचलून खाली मातीत ठेवली. तिच्या जागी आपली खाकी ठेवली. खडा ठेवला.

"सुंदरा, चारा मळ," ते म्हणाले.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बाईंना तेच जास्त लागलं. गोवर्धनभाऊंनी तरी टोपी पाहून, ठरवून काढली होती. यांना ती दिसलीच नव्हती. पाच महिने या माणसाला त्यांनी उठवलं-बसवलं होतं, पायाला शेक दिला होता, आणि उद्या गरज पडली तर पुन्हा करणार होत्या. पण दगड नाही. दगड त्या देणार नव्हत्या.

त्यांनी खाकी टोपी उचलली. बाभळीपाशी गेल्या, टाचा उंचावल्या आणि हात पोचेल तितक्या उंच काट्याला ती टांगली. मग गुलाबी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि दगडावर बसल्या.

"हे काय वं?" धर्मपाल म्हणाले.

"नेम तुमचाच हाय. टोपी ज्याची आधी पडली, दगड त्याचा."

"अवं, पन थे माही जागा हाय! एकोनीस सालापासून!"

"एकोनीस साल तुमी आधी येत होते. आज मी आधी आली."

"एकाच गाडीवर आलो ना आपन!"

"गाडी मी चालवून राहिली होती," बाई म्हणाल्या. "तुमी मांगं बसले होते."

वामनराव खोकले. गोवर्धनभाऊ खाली बघून आपल्या गळाला नसलेला गुंता सोडवत बसले. धर्मपालांनी वर बाभळीकडे पाहिलं. टाचा उंचावायला गुडघा साथ देणारा नव्हता. त्यांचे कान लाल झाले होते. आता हे ओरडणार, असं सगळ्यांना वाटलं, बाईंनाही वाटलं, आणि त्या तयारीत होत्या.

"मंग मी कुटी बसू?" धर्मपालांनी विचारलं.

बाईंनी मागे न बघता हात केला. दगडाच्या मागे चार पावलांवर पोतं अंथरलेलं होतं. शेजारी बादली.

धर्मपाल पाय लांब करून कसेबसे पोत्यावर बसले. बादली ओढली. बऱ्याच वेळाने त्यांनी चाऱ्याचा एक गोळा पुढे केला. बाईंनी तो गळाला लावून फेकला. पाण्याला टेकायच्या आधीच तो सुटून पडला.

"पानी जास्त झालं," बाई म्हणाल्या. "ढेप घाला आनखी. अन् मेथी शेवटी."

धर्मपालांनी ढेप घातली. बोटं चिकट करून घेत ते मळत राहिले, मधूनच मान तिरपी करून डावीकडून बघायचे, मग उजवीकडून.

"सुंदरा, जराशी सरक ना वं," ते शेवटी म्हणाले. "इथून तलाव दिसत नाई."

"मालूम हाय मले," सुंदराबाई म्हणाल्या, आणि सरकल्या नाहीत.