निवेदक क्रमांक चार

गेल्या आठवड्यात बारामतीच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. बाहेर ऊन रणरणत होतं, आत यंत्राची धग होती, आणि दुकानभर नुकत्याच निघालेल्या गरम कागदाचा वास पसरला होता. इंदापूरला मी ज्या कॉलेजात शिकवते तिथल्या मुलींना प्रकल्पासाठी गावोगावच्या बायकांशी बोलायचं आहे, त्यासाठी लागणारी संमतीपत्रं काढून घेत होते. त्यातली एक ओळ ठळक होती: 'आपले नाव पूर्णपणे गोपनीय ठेवण्यात येईल.' यंत्र एकेक कागद बाहेर टाकत होतं आणि ती ओळ पुन्हा पुन्हा माझ्या तोंडावर येत होती. हा वास मला एरवी फार आवडतो. त्या दिवशी मात्र असा काही वैताग आला की दुकानदारानं विचारलं, "मॅडम, छपाई फिकी येतीय का?" छपाई उत्तम होती. माझंच जुनं काहीतरी वर आलं होतं.

आम्ही चौघी होतो. चौघीही पीएचडी करत होतो, चौघींचेही मार्गदर्शक फोन उचलत नव्हते, आणि एवढा उद्योग कमी पडला म्हणून की काय, आम्ही स्त्रीवादी संशोधनाचं एक षण्मासिक चालवत होतो. मी काटेवाडीची. दुसरी वरकुट्याची, ती स्कूटीवरून धुळीनं माखून यायची. उरलेल्या दोघी बारामती शहरातल्या. मोठ्या शहरांत निघणारी अशी नियतकालिकं आम्ही चवीनं वाचायचो आणि वाचून झाल्यावर चिडायचो. त्यांतली खेड्यातली बाई नेहमी कुणीतरी गाडीतून उतरून, तासभर पाहून, परत गाडीत बसून लिहिलेली असायची. आपण तर इथल्याच, आपण उसाच्या बांधावरून चिखल तुडवत शाळा गाठलेली, तेव्हा आपलं वेगळं होईल, अशी आमची पक्की समजूत होती. या समजुतीवर आम्ही पाच अंक काढले.

कॉलेजच्या ग्रंथालयामागं एक अडगळीची खोली होती, ती आम्हाला मिळाली होती. रविवारी सकाळी तिथं बैठक. नियम तीन. पहिला, संपादक कुणीच नाही, कारण संपादक म्हटलं की उतरंड आली. दुसरा, प्रत्येक निर्णय एकमतानं. एकीचा जरी नकार असला तरी गोष्ट होणार नाही. तिसरा नियम आमचा स्वतःचा आणि आम्हाला त्याचा भारी अभिमान होता. ज्या बाईच्या बोलण्यावर लेख उभा आहे तिला तो छापण्याआधी पूर्ण वाचून दाखवायचा. नियम कागदावर देखणे दिसत. प्रत्यक्षात काय व्हायचं ते मला विचारा. एकमतापायी एका अंकाचं मुखपृष्ठ चार रविवार अडलं होतं. बायकांनीच चहा का करायचा, या प्रश्नावर चौघींचंही मत एकच असल्यामुळे खोलीतल्या शेगडीवर कधीच चहा झाला नाही. आम्ही स्टँडजवळच्या टपरीवर जायचो, आणि तिथं चहा ओतणारीही बाईच आहे हे लक्षात आल्यावर पुढचा अर्धा तास त्यावर चर्चा. माझं डोकं उठायचं. पितृसत्ता राहिली बाजूला, आधी या तिघींचाच बंदोबस्त केला पाहिजे असं मला कित्येक रविवारी मनापासून वाटलेलं आहे.

त्यातही वरकुट्याची सगळ्यांत अवघड. तिचं सगळं संथ. बोलणं संथ, वाचणं संथ, पटणं तर त्याहून संथ. मुद्रितं तपासून झाली, फाइल छापखान्यात पाठवायची एवढंच उरलं, की ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, "एक शंका आहे." हे तीन शब्द ऐकले की उरलेल्या दोघी पिशव्या आवरायच्या थांबून पुन्हा बसायच्या आणि मी खिडकीतून बाहेर बघायचे. तिची शंका कधी तळटिपेबद्दल असायची, कधी 'शोषित' हा शब्द त्या बाईला स्वतःबद्दल चालेल का याबद्दल. सगळ्यांत वाईट म्हणजे बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. माणूस सतत चुकत असेल तर त्याला सांभाळून घेता येतं. बरोबर असणाऱ्याला किती सोसायचं?

सहाव्या अंकात माझा लेख होता. विद्यापीठाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी निदान एक लेख छापून आलेला हवा होता, आणि माझी मुदत अंगावर आली होती. स्वतःच्याच नियतकालिकात स्वतःचा लेख, म्हणून आम्ही तो बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडं पाठवला. दोघांनीही तो तीनतीनदा झोडपून काढला आणि अखेर पसंत केला. विषय होता उसाच्या शेतीतल्या बायकांचं काम. ज्यांची स्वतःची दोन-चार एकर आहे, ज्या लागणीपासून तोडीपर्यंत सगळं बघतात, पाण्याच्या पाळीला बांधावर उभ्या राहतात, आणि तरी ज्यांना कुणी शेतकरी म्हणत नाही, अशा बायका. लेखाचा कणा होती ती वरकुट्याची एक काकी. माझ्या त्याच शंकेखोर मैत्रिणीची शेजारीण. तिनं मला ओसरीवर बसवून तीन तास सांगितलं होतं. नवरा कारखान्याच्या राजकारणात गुंतलेला, शेत तिनं बावीस वर्षं एकटीनं ओढलेलं. मध्येच उठून म्हशीला पाणी पाजून आली आणि अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं सुरू केलं. अशी निवेदक आयुष्यात एकदाच भेटते. लेखात तिचं नाव होतं 'निवेदक क्र. ४'. विद्यापीठाच्या समितीला मी तसं लिहूनच दिलं होतं: नावं उघड होणार नाहीत, निवेदकांना त्रास होणार नाही. स्त्रीवादी संशोधनात हे फार जपतात, आणि जपावंच.

तिसऱ्या नियमाप्रमाणे आम्ही दोघी लेख वाचून दाखवायला वरकुट्याला गेलो. दुपार टळली होती. काकी घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती, हात चालू, कान इकडं. मी वाचत होते. 'श्रमाचे अदृश्यीकरण' वगैरे शब्द मी वाचता वाचता सोपे करत होते, तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग तिचे स्वतःचे शब्द आले, पाण्याच्या पाळीचे, बांधावरच्या भांडणाचे. तिचे हात थांबले.

"ही चार नंबरची कोण गं?" तिनं विचारलं.

"तुमीच की, काकी," मैत्रीण म्हणाली.

"मी? मग माझं नाव कुठं हाय?"

मी समजावून सांगितलं. तुमच्या भल्यासाठीच आहे, उद्या घरात, भावकीत कुणी वाचलं तर तुम्हाला त्रास नको. ती ऐकून घेत होती. शांतपणे ऐकणाऱ्या माणसाला आपलं पटतंय असं आपण उगाचच धरून चालतो.

"उसाच्या पावतीवर मालकाचं नाव," ती म्हणाली, "सोसायटीत मालकाचं नाव, डेअरीच्या कार्डावर पोराचं. हितं तरी माझं येईल म्हणून तर बोलले की मी तीन तास. नंबरच टाकायचा हुता तर कुणाचं बी ऐकून टाकायचा."

"काकी, तसा नियम आहे."

"नियम कुणी केलाय? बायांनीच?"

मी हो म्हटलं. ती शेंगांचं सूप उचलून आत गेली, आणि आम्हाला चहा पाठवला.

पुढच्या रविवारची बैठक मला आजही जशीच्या तशी आठवते. मैत्रीण म्हणाली, नाव छापायचं. इतरांची नावं झाकायची तर झाका, हिचं छापायचं, ती मागतेय. शहरातल्या दोघी तिच्या बाजूला झुकत होत्या. मी नाही म्हटलं. समितीकडून नव्यानं परवानगी आणायची तर कमीत कमी चार महिने जाणार, माझी मुदत उलटणार, आणि इंदापूरच्या ज्या जागेसाठी मी अर्ज केला होता ती हातची जाणार. हे सगळं मी सांगितलं. फक्त सांगताना त्याला नैतिकतेचं अस्तर लावलं. निवेदकाचं संरक्षण, सत्तेचा असमतोल, भावनेच्या भरात दिलेली संमती ही खरी संमती असते का. मी फार छान बोलले. बोलता बोलता मला स्वतःलाही पटलं.

आता एकीचा नकार म्हणजे गोष्ट होणार नाही, हा नियम होता, आणि माझा नकार होता. पण तिचाही नकार चालला असता. नाव नसेल तर लेख नको, एवढं ती म्हणाली असती तर अंकच अडला असता. पाच अंक जिनं स्वल्पविरामावरून अडवले ती आता काय अडवणार नाही? मी तयारीनं बसले होते, भांडायला शब्द जुळवून. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली घेतला. "जाऊ दे," म्हणाली. "तुझी मुदत आहे." तिनं एकही शंका काढली नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज लिहितानासुद्धा कान गरम होतात.

अंक निघाला. प्रबंध गेला, पदवी आली, इंदापूरची नोकरी लागली. शहरातल्या दोघी लग्न, बदल्या, मुलं यांत पांगल्या. नियतकालिक बंद पडेल असं मला वाटलं होतं, नाही पडलं. वरकुट्याची ते अजून एकटीनं चालवते, आता इंटरनेटवर. तिचा स्वतःचा प्रबंध मात्र अजून पुरा व्हायचाय. अजूनही एखाद्या रविवारी सकाळी, मी पोहे परतत असताना, तिचा फोन येतो आणि ती नमस्कार-चमत्काराशिवाय थेट म्हणते, "एक शंका आहे." मी वैतागते, आणि गॅस बारीक करते.

झेरॉक्सच्या दुकानातून परत येताना मी ठरवलं की लेख पुन्हा छापायचा, तिच्याच नियतकालिकात, काकीच्या नावानिशी. आता मला कसली मुदत नव्हती. मैत्रिणीला फोन केला तर ती नुसतं म्हणाली, "तिलाच विचार." म्हणून परवाच्या रविवारी वरकुट्याला गेले. काकी थकली आहे, पण ओसरी तीच. मी माफी मागितली, मनात होतं ते सगळं सांगितलं, आणि विचारलं, आता छापू का तुमचं नाव?

ती उठून आत गेली. बराच वेळ पेट्यांची झाकणं वाजली. बाहेर आली तेव्हा हातात तो सहावा अंक होता, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला. माझा लेख तिनं नेमका उघडला. 'निवेदक क्र. ४' जिथं जिथं होतं तिथं तिथं निळ्या बॉलपेननं काट मारलेली होती आणि वर तिचं नाव होतं, आडनावासकट. बचत गटात सही करायला शिकली होती तेवढंच अक्षर, मोठं, सुटं, रेषेच्या वर-खाली जाणारं. काही ठिकाणी कागद फाटेस्तोवर दाबलेलं.

"तुझी मैत्रीण आली हुती पुस्तक घिऊन," ती म्हणाली. "ती बोट ठिवत गेली, मी लिवत गेले. सांजच झाली."

स्वल्पविरामाचीही बातमी देणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं इतक्या वर्षांत मला याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"मग आता छापू ना?"

"आता कशाला? मी लिवलंय की." मग तिनं पानं उलटी चाळत लेखाची सुरुवात काढली आणि माझ्यापुढं धरली. "तुझं कुठं हाय?"

मी शीर्षकाखाली बोट ठेवलं.

"छापील हाय व्हय," ती म्हणाली. "बरं हाय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं अंक मिटून मांडीवर ठेवला.

म्हणून इथंही तिचं नाव लिहीत नाही. तिनं 'कशाला' म्हटलंय. त्या अंकाच्या प्रती अनेक ग्रंथालयांत आहेत, पुठ्ठ्यात बांधलेल्या, शिक्के मारलेल्या, आणि कुणी संदर्भ म्हणून हाताळतही असेल. काळ जाईल तसा त्यांनाच खरं मानलं जाईल, कारण उरतं ते छापील. त्या सगळ्या प्रती चुकीच्या आहेत. बरोबर प्रत एकच आहे. ती वरकुट्याला, पत्र्याच्या पेटीत, धुतल्या लुगड्यांखाली ठेवलेली असते.